'शुभ'चा 'शुम' होऊ नये म्हणून : कटिंग मशीनवर कार्डांसाठी मराठी शब्द कसे कापावेत

चुलतभावाच्या साखरपुड्याची चाळीस कार्डं मी हाताने करून देते, असं मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते. कॉम्प्युटरवरची आकृती ब्लेडने कागदात कापणारं मशीन नवीन, उत्साह त्याहून नवीन. सोनेरी कागदात 'शुभ' कापायचं आणि लाल कार्डावर चिकटवायचं, एवढंच काम. तीसेक कार्डं झाली तेव्हा आते गोव्यात, फोंड्याला आमच्या घरी आली होती. तिने एक कार्ड उचललं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "शुम म्हळ्यार कितें गो?" (शुम म्हणजे काय गं?)

झालं होतं असं. मशीनमधून 'शु' आणि 'भ' वेगवेगळे निघत होते. ते जोडून यावेत म्हणून मी कॉम्प्युटरवर शिरोरेषा सरळ पुढे ओढली, 'भ'च्या डोक्यावरून. शब्द छान एकसंध कापला गेला. फक्त तो 'शुभ' राहिला नाही. 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक त्या डोक्यावरच्या फटीतच असतो, हे पहिलीपासून माहीत असलेलं मला तीस कार्डं होईपर्यंत दिसलं नाही.

यूट्यूबवर मशीन शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण ते जवळपास सगळे इंग्रजी अक्षरांचे. तिथे शिरोरेषा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही. आपल्याकडे शिरोरेषा म्हणजे फुकट मिळालेली दोरी, तिच्यात अख्खा शब्द हारासारखा ओवलेला असतो. पण ही दोरी काही अक्षरांपाशी तुटते, आणि टिंब तर तिच्यात ओवलेलंच नसतं. मशीन, ब्लेड, मॅट हे सगळं एका दुपारी जमतं. घोळ होतो तो या दोन ठिकाणी, म्हणून पायरी ५ मुद्दाम लांब लिहिली आहे. घाई असेल तर बाकीचं वरवर वाचा, पण ती पायरी सोडू नका.

आधी हे जवळ असू द्या

- कटिंग मशीन, त्याचं कागदाचं ब्लेड, कापताना कागद धरून ठेवणारी चिकट मॅट
- लॅपटॉप आणि त्यावर इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर (मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं)
- मराठी युनिकोड टाइप करायची सोय
- १८० ते २५० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) कार्डशीट, आणि चाचणीसाठी त्याच कागदाचे तुकडे
- टोकदार चिमटा, टाचणी, बाद झालेलं एटीएम कार्ड
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- बारीक नळीची डिंकाची बाटली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी शीट, फोम टेप
- मशीनचं बिल, वॉरंटीच्या कागदासकट, एका पाकिटात

१. मशीन घेण्याआधी सॉफ्टवेअरचं विचारा

दुकानात सगळे मशीनचा रंग बघतात. तुम्ही विचारा की बाहेर तयार केलेली फाइल हे मशीन घेतं का. मराठी शब्द आपण बाहेरच तयार करणार आहोत, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात मोठा.

क्रिकटचं मशीन डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात खातं उघडावं लागतं आणि बहुतेक कामाला इंटरनेट लागतं. एसव्हीजी फाइल (आकृती रेघांच्या रूपात साठवणारी) ते मुकाट घेतं. सिल्हूटचं सिल्हूट स्टुडिओ इंटरनेटशिवाय चालतं, पण त्याची मोफत आवृत्ती एसव्हीजी उघडत नाही. ती उघडायला डिझायनर एडिशन विकत घ्यावी लागते, नाहीतर इंकस्केपमधून डीएक्सएफ ही दुसऱ्या प्रकारची रेघांची फाइल काढून काम भागवावं लागतं. ब्रदरच्या स्कॅनकटमध्ये स्कॅनरच बसवलेला असतो. कागदावर जाड अक्षरात लिहिलेला शब्द त्यात घातला की ते बाहेरची रेघ पकडून कापतं. ज्यांना कॉम्प्युटरचा कंटाळा आहे त्यांनी याचा विचार करावा.

मोठी मशीन १२ इंचांची, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर रुंदीची मॅट घेतात. क्रिकट जॉय छोटं, साडेचार इंचांचं. कार्डावरचा शब्द नऊ-दहा सेंटिमीटरच्या वर क्वचितच जातो, त्यामुळे नुसतेच शब्द कापायचे असतील तर छोटंही पुरतं. पण एका वेळी मॅटवर मोजकेच शब्द बसतात, चाळीस कार्डांना पाठ मोडते.

आपल्याकडे निम्मी मशीनं आखातातल्या नाहीतर लंडनच्या नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. तशी आणणार असाल तर दोन गोष्टी बघा. अडॅप्टरवर 'इनपुट १००–२४०' असं छापलेलं असेल तर वीज चालते, फक्त पिनचा आकार बदलायला कन्व्हर्टर लागतो. आणि तिकडची वॉरंटी इकडे चालते का, हे आणणाऱ्याला तिथल्या दुकानातच विचारायला लावा. मी विचारलं नव्हतं. सात महिन्यांनी मोटर घरघरायला लागली तेव्हा समजलं की माझ्या हातातलं बिल इथे फक्त रद्दी आहे.

२. कागद

मधल्या वजनाचं, आतपर्यंत एकाच रंगाचं कार्डशीट घ्या. काही रंगीत शीटचा गाभा पांढरा असतो. ती कापली की अक्षराच्या कडेने पांढरी रेघ दिसते आणि लाल 'शुभेच्छा' दुरून फिकट वाटतात. दुकानात शीटचा कोपरा किंचित फाडून बघता आलं तर बघा, दुकानदार रागावतो ते रागावू दे.

हाताने बनवलेला धाग्याधाग्यांचा कागद पार्श्वभूमीला सुंदर दिसतो, पण त्यात अक्षरं कापायला जाऊ नका. धागे कापले जात नाहीत, ओढले जातात. चकचकीच्या कागदाने ब्लेड लवकर बोथट होतं, आणि ती चकचक मॅटवर, मशीनमध्ये, भाताच्या ताटात, सगळीकडे येते.

३. फॉन्ट निवडताना सौंदर्य दुसऱ्या नंबरला

पहिल्या नंबरला जाडी. कार्डशीटमध्ये अक्षराचा सगळ्यात बारीक भाग दीड मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर तो मॅटवरून सोडवताना तुटणार, हे मी धरूनच चालते. शिरोरेषा दोन मिलिमीटर असेल तर उत्तम. तिच्यावर सगळा भार असतो. 'ग' आणि 'ण' नीट बघा: 'ग'चा आकडा आणि दंड एकमेकांना कुठेच टेकत नाहीत, दोघे शिरोरेषेला लटकलेले. काना तर नुसताच लोंबतो.

मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बालू २ हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. त्यांच्या जाड आवृत्त्या कापायला चांगल्या. मुक्तची रेघ सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची आहे, बालू गुबगुबीत आणि गोल कोपऱ्यांचा, मुलांच्या वाढदिवसाला शोभतो. यात्रा वन हा रेल्वे स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या वळणाचा, ठसठशीत. एक टाइपचाच मोदक हा फॉन्ट दिसायला इतका गोड की प्रत्येक जण पहिल्यांदा तोच उचलतो. पण त्यात अक्षराच्या आतल्या फटी केसाएवढ्या असतात. दहा सेंटिमीटरच्या शब्दात त्या फटींत ब्लेड जाऊन कागद उसवतो. मोदक वापरायचाच असेल तर शब्द मोठा करा. उलट तिरो देवनागरी मराठी पुस्तकात वाचायला देखणा, पण त्याच्या बारीक रेघा कार्डशीटमध्ये टिकत नाहीत.

हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत. कार्डं विकायची असली तरी अडचण नाही. कुठून तरी उतरवून घेतलेल्या फॉन्टचं तसं नसतं.

डीटीपीवाल्याकडून मजकूर आणणार असाल तर त्याला सांगा, "कर्व्ह करून पीडीएफ द्या," म्हणजे अक्षरांची आधीच रेघांची चित्रं करून. त्यांच्याकडे अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. नुसती फाइल आणलीत तर घरी उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कर्व्ह केलेली पीडीएफ इंकस्केपमध्ये उघडते.

एक जाता जाता: काही फॉन्टांत 'ल' हिंदी वळणाचा, दांडीचा येतो, आपला पाकळीचा नाही. मशीनला काही फरक पडत नाही. पण कार्ड निवृत्त मराठीच्या बाईंना जाणार असेल तर बघून घ्या.

४. शब्द टाइप करा आणि त्याची आकृती करा

मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप करू नका. जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं अक्षर दिसणं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसणं, असे प्रकार होतात. इंकस्केप देवनागरीची जोडणी बरोबर करतं.

शब्द लिहा, फॉन्ट लावा, शब्दाची रुंदी मिलिमीटरमध्ये ठरवा. ५ बाय ७ इंचांच्या कार्डावर मी शब्द ९५ मिमी ठेवते. मग पाथ मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' दाबा. आता ते अक्षर राहिलं नाही, चित्र झालं. शुद्धलेखन या आधी तपासा. नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला सगळं पुन्हा करावं लागतं. मी टाइप केलेली मूळ ओळ पानाच्या बाहेर कोपऱ्यात तशीच ठेवून देते, आणि मग पुढे जाते.

५. शब्द एकसंध करा

*(क) सांधे जोडणे.* चित्र झालं तरी प्रत्येक अक्षर अजून वेगळं आहे. शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. डोळ्यांना अखंड दिसतात, मशीनला नाही. मशीन प्रत्येक अक्षराची पूर्ण कड कापतं, म्हणजे सांध्यावर उभा काप बसतो आणि मॅटवर अक्षरांचे सुटे तुकडे मिळतात. म्हणून आधी 'अनग्रुप', मग सगळी अक्षरं निवडून पाथ मेनूतलं 'युनियन'. व्ह्यू मेनूतून आउटलाइन दृश्य लावा. सांध्यावर शिरोरेषेला छेदणारी एकही उभी रेघ दिसता कामा नये.

*(ख) भ, ध, थ, श.* इथे माझी तीस कार्डं गेली. या अक्षरांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा नसते, तिथे छोटी गाठ किंवा वळण असतं. शब्दाच्या सुरुवातीला ही अक्षरं आली तर काही बिघडत नाही, 'धन्यवाद' अखंड येतो. मधे किंवा शेवटी आली की मागच्या अक्षराशी असलेला धागा तुटतो. 'शुभ'चे दोन तुकडे होतात, 'माधव'चे दोन, 'गणेश'चे बऱ्याच फॉन्टांत दोन. आणि आपली 'चवथ' (गणेश चतुर्थी)! 'चव' इकडे, 'थ' तिकडे.

युनियनने हे कळत नाही, हा खरा सापळा. युनियन दोन सुट्या तुकड्यांनाही एकच वस्तू म्हणतं. तपासायचं असं: शब्दाची एक नक्कल काढा, तिच्यावर पाथ मेनूतलं 'स्प्लिट पाथ' चालवा (इंकस्केपच्या नव्या आवृत्त्यांत आहे) आणि खालच्या पट्टीत किती वस्तू दिसतात ते वाचा. एक दिसली तर शब्द अखंड. दोन दिसल्या तर कुठे तरी फट आहे. तपासून झालं की नक्कल पुसा.

फट बुजवायला शिरोरेषा पुढे ओढू नका. तसं केलं की 'भ'चा 'म', 'ध'चा 'घ' आणि 'थ'चा 'य' होतो. 'चवथ'ची 'चवय' झालेली मी पाहिली आहे, आणि ती माझ्याच हातची नव्हती, एवढंच समाधान. दोन उपाय चालतात:

पहिला, युनियन करण्याआधीच ते अक्षर डावीकडे सरकवा, इतकं की त्याच्या डोक्यावरची गाठ मागच्या अक्षराच्या दंडाला बाजूने टेकेल. शिरोरेषेच्या उंचीवर नाही, तिच्या थोडं खाली. गाठ दंडात अर्धा-एक मिलिमीटर घुसू द्या. वर फट दिसत राहते, म्हणून वाचणारा 'भ'च वाचतो, आणि खाली सांधा बसतो. मागच्या अक्षराला उकार असेल, जसा 'शु'ला आहे, तर तो सरकवलेल्या 'भ'च्या पोटाखाली नीट बसतो का ते बघा.

दुसरा उपाय म्हणजे मागे सावली घालणे. शब्दाची नक्कल घेऊन ती 'आउटसेट'ने चहूबाजूंनी तीनेक मिलिमीटर फुगवा. आतली भोकं बुजवायला 'ब्रेक अपार्ट' करून पुन्हा 'युनियन' करा. ही फुगीर आकृती दुसऱ्या रंगात कापायची आणि त्यावर मूळ शब्द चिकटवायचा. तुकडे वेगळे निघाले तरी सावलीवर बरोबर जागी बसतात. वेळ दुप्पट लागतो, पण कार्डही दुप्पट उठून दिसतं. लग्नाच्या कामाला मी हेच करते.

'अभिनंदन'ची गंमत वेगळीच. तिथे 'भ' मधे आहे तरी शब्द तुटत नाही, कारण ऱ्हस्व वेलांटीची कमान 'भ'च्या डोक्यावरून जाऊन त्याच्या दंडाला टेकते. पूलच तो. पण अख्ख्या शब्दाचा भार त्या एका कमानीवर. कमान दंडाला खरंच टेकते की नुसती जवळ जाते, हे फॉन्टागणिक बदलतं. मोठं करून बघा. नुसती जवळ जात असेल तर किंचित खाली ओढा. रफार आणि दीर्घ वेलांटी यांचेही सांधे असेच मोठे करून तपासा.

*(ग) टिंब.* अनुस्वार कशालाच जोडलेला नसतो. मराठीत निदान मोजके असतात, 'अभिनंदन'मध्ये एक, 'संक्रांत'मध्ये दोन. कोंकणी कार्ड करायला घ्या म्हणजे कळेल. 'चवथीचीं परबीं' (चवथीच्या शुभेच्छा) कापताना दोन टिंबं आणि वर तुटका 'थ'. 'देव बरें करूं'लाही (म्हणजे 'धन्यवाद'ला) दोन.

वेलांटीवरचं टिंब असेल तर ते वेलांटीच्या कमानीला चिकटेपर्यंत सरकवा, दिसायला वाईट दिसत नाही. नुसत्या अक्षरावरचं टिंब खाली आणून शिरोरेषेत थोडं रुतवता येतं, पण फार रुतवलं तर तो फुगवटा वाटतो, टिंब वाटत नाही. मला ते आवडत नाही. मी टिंब सुटंच कापते आणि हाताने चिकटवते. सुट्या टिंबाचा व्यास तीन मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, चिमट्यात सापडत नाही.

*(घ) दोन शब्द.* 'शुभ विवाह'सारखे दोन शब्द एकाच तुकड्यात हवे असतील तर मधल्या मोकळ्या जागेत शिरोरेषेच्याच जाडीचा आयत टाकून युनियन करा. इथे शिरोरेषा ओढली तर चालते, कारण 'भ'चा दंड उजवीकडे आहे आणि त्याची फट डावीकडे. मात्र दुसरा शब्द 'भ', 'ध'ने सुरू होत असेल ('शुभ धनत्रयोदशी') तर हा उपाय विसरा.

आजी-आजोबांच्या हस्ताक्षरातला 'आशीर्वाद' कापायचा असेल तर त्यांना जाड मार्करने पांढऱ्या कागदावर मोठं लिहायला सांगा, दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि इंकस्केपच्या 'ट्रेस बिटमॅप'ने आकृती करा. पुढची तपासणी तीच. म्हाताऱ्या माणसांच्या लिहिण्यात शिरोरेषा शेवटी एका झटक्यात ओढलेली असते आणि निम्म्या अक्षरांना टेकत नाही. माझ्या आईच्या 'आशीर्वाद'मधला 'द' असा अधांतरी होता. तो वर उचलून टेकवताना तिचं अक्षर बिघडतंय असं वाटून हात अडला. शेवटी 'द' होता तिथेच ठेवला आणि मागे सावली घातली.

६. फाइल मशीनकडे

क्रिकटसाठी 'प्लेन एसव्हीजी', सिल्हूटच्या मोफत आवृत्तीसाठी डीएक्सएफ. आत आल्यावर सगळ्यात आधी रुंदी बघा. ९५ मिमीचा शब्द तिकडे पोचेपर्यंत लहान-मोठा झालेला असू शकतो. रुंदी-उंचीच्या प्रमाणाचं कुलूप लावून ठेवा आणि रुंदी पुन्हा टाइप करा.

डिझाइन स्पेसमध्ये सुटी टिंबं असतील तर शब्द आणि टिंबं एकत्र निवडून 'अटॅच' दाबा. नाहीतर सॉफ्टवेअर कागद वाचवायला सगळे तुकडे आपल्या मनाने मॅटवर मांडतं आणि कुठलं टिंब कुठल्या 'न'चं हे शोधत बसावं लागतं. 'मिरर' (आरशातल्यासारखं उलटं कापणं) कागदासाठी लागत नाही, बंद ठेवा.

शब्द चिकटवायचा नसून कार्डातच खिडकीसारखा कोरायचा असेल तर हिशेब उलटा. तिथे 'व', 'ब', 'प'च्या पोटातला कागद गळून पडतो आणि प्रत्येक पोटाला पूल ठेवावा लागतो. पहिल्या महिन्यात हे करू नका.

७. चाचणी काप

त्याच कागदाच्या तुकड्यावर शब्दातलं सगळ्यात किचकट अक्षर एकदा कापून बघा. 'शुभेच्छा'साठी मी 'च्छा' कापते. कोपऱ्यात कागद उसवत असेल तर ब्लेड बोथट आहे किंवा वेग जास्त. कापलं न जाता नुसती चीर पडत असेल तर दाब एक पायरी वाढवा. एकदम वाढवू नका, मॅटच कापली जाते. क्रिकटमध्ये 'मीडियम कार्डस्टॉक' (२१६ जीएसएम) या नोंदीपासून सुरुवात करा. नाजूक अक्षरांसाठी कार्डस्टॉकचीच 'इन्ट्रिकेट कट्स' अशी वेगळी नोंद आहे. ब्लेडच्या टोकाला कागदाचा कपटा अडकला तरी ते बोथट झाल्यासारखं वागतं. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून त्यात ब्लेडचं टोक पाच-सहा वेळा खुपसा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

८. खरा काप

कागद मॅटवर नीट दाबून बसवा, एटीएम कार्डाने हवा काढा. नवीन मॅट फार चिकट असते, ती आधी सुती कापडावर दोन-तीनदा टेकवून घ्या, नाहीतर निम्मं अक्षर तिच्यावरच राहतं.

कापून झाल्यावर मॅट बाहेर काढायच्या आधी एका कोपऱ्यात चिमट्याने उचलून बघा, पूर्ण कापलंय का. एकदा बाहेर काढली की तीच जागा पुन्हा सापडत नाही. कापलं नसेल तर मॅट आत असतानाच पुन्हा एक फेरी द्या.

आणि शब्द मॅटवरून ओढू नका. मॅट पालथी घाला, कागद टेबलावर दाबून धरा आणि मॅट मागे वाकवत वाकवत सोलून काढा. म्हणजे कागद सपाट राहतो. शब्द सरळ खेचला की शिरोरेषा केळ्याच्या सालीसारखी गुंडाळते आणि मग कशानेही सरळ होत नाही. आतले नको असलेले तुकडे टाचणीने काढा, शिरोरेषेकडून खाली, उकाराकडून वर नाही.

वीज गेली तर? जूनमध्ये हा प्रश्न विचारायचा नसतो, जातेच. अर्ध्यात थांबलेला काप तिथूनच पुढे सुरू होईल असं धरू नका. वारा सुटलेला असेल, ढग भरून आले असतील, तर एका मॅटवर बारा शब्द न लावता तीनच लावा. म्हणजे नुकसान तिघांचं. इन्व्हर्टरवर मशीन लावता आलं तर फारच छान.

९. चिकटवणे

कापण्याआधी कार्डशीटच्या मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी शीट लावून घेतली तर शब्दाचा स्टिकरच होतो. काना, वेलांटी सगळं एकसारखं बसतं. ब्लेड थोडं लवकर झिजतं, एवढी किंमत. डिंक लावणार असाल तर शिरोरेषेला रेघ आणि प्रत्येक लोंबत्या भागाच्या टोकाला एक ठिपका. काना मोकळा राहिला तर पाकिटात घालताना हमखास दुमडतो.

सुटे तुकडे असलेला शब्द मॅटवर असतानाच त्यावर हलक्या चिकटीचा मास्किंग टेप लावा आणि सगळं एकदम उचला. मागे डिंक, कार्डावर ठेवा, टेप सोला. फोम टेपने शब्द उचलून दाखवता येतो, पण ते कार्ड हाताने देण्यापुरतं ठीक. पाकिटात घालून पोस्टात टाकलंत तर चेपून जातं.

पावसाळ्यासाठी वेगळं

आपल्याकडे चवथीची कार्डं श्रावणात करावी लागतात, म्हणजे नेमकी हवा ओली असताना. कार्डशीट दमट झालं की ब्लेड त्याला कापत नाही, ओढतं. 'शुभेच्छा'चा 'छ' पिसासारखा होतो. कागद लोखंडी कपाटात, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. कापायच्या आदल्या रात्री लागणारी शीट गादीखाली सपाट ठेवली तर वाकडेपणा जातो. इस्त्री फिरवायचा मोह मला झाला होता. सोनेरी कागदावर तर अजिबात करू नका. मॅटला बुरशी आणि माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या) दिवसांतली धूळ दोन्ही धरतात. प्लास्टिकचं झाकण लावूनच ठेवा, चिकटपणा कमी झाला तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

नाताळची कार्डं त्या मानाने सुखाची. हवा कोरडी, आणि रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीत, मजकूर असेल तर शिरोरेषेचा प्रश्नच नाही. तिथे अक्षरं एकमेकांना टेकवून जोडायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागतं.

शेवटचं, टिंबांचं. शीटच्या कोपऱ्यात नेहमी दहा-बारा टिंबं जास्तीची कापून ठेवा, टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटात ती छान राहतात. आणि कार्ड द्यायला निघताना दारातच टिंब पडलेलं दिसलं, तर त्याच पाकिटातली तीन मिलिमीटरची टिकली लावून मोकळं व्हा. मी 'अभिनंदन'वर मरून रंगाची टिकली लावून कार्ड दिलेलं आहे. आतेच्याही लक्षात आलं नाही.